रुईला एनओसी

उपनगरात सोसायटीचं रिडेव्हलपमेंट झालं की चार गोष्टी हमखास येतात: पोडियम, क्लब हाउस, दुप्पट मेंटेनन्स आणि रॉक गार्डन. पहिल्या तिन्हींवरून सभेत भांडणं होतात. चौथीवरून होत नाहीत, कारण ती नेमकी कुठे आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही. गेटमधून आत आलं की डाव्या हाताला, मीटरच्या खोलीला लागून, पांढऱ्या गोट्यांचा एक ढीग दिसतो. त्यावर 'कृपया गोट्यांवर चालू नये' अशी पाटी असते. ते रॉक गार्डन.

आमच्या बोरिवलीच्या सोसायटीचा पाया खणताना खाली काळा कातळ लागला. लागणारच. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर ज्वालामुखीचा लाव्हा पसरला, थिजला आणि त्याचा बसाल्ट झाला. त्याच्यावर कोणी काय बांधायचं ते पुढे महापालिकेने ठरवलं. तर हा कातळ ब्रेकर लावून कित्येक महिने फोडला. शेजारच्या तीन इमारतींची दुपारची झोप गेली. फोडलेला दगड डंपर भरभरून बाहेर गेला आणि इमारत उभी राहिल्यावर राजस्थानातले पांढरे गोटे टेम्पो भरभरून आत आले. काळा दगड बाहेर काढण्याचे पैसे, पांढरा दगड आत आणण्याचे पैसे. हिशोब तपासनिसांनी दोन्ही बिलं 'सुशोभीकरण' या एकाच सदरात टाकली आणि सभेने ती टाळ्या वाजवून मंजूर केली.

गोट्यांमध्ये लावायला झाडं हवीत. ती 'कमी पाण्यावर जगणारी' हवीत असं समितीचं म्हणणं पडलं, कारण टँकरचे दर. नर्सरीवाल्याने निवडुंग दिले, घायपातीच्या घराण्यातली काही काटेरी मंडळी दिली. सगळी मेक्सिकोकडची. दोन वर्षं पाऊस पडला नाही तरी यांना काही होत नाही, असं त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं, आणि ते खरंही होतं. फक्त जूनमध्ये पाऊस पडला. जुलैतही पडला. सांताक्रूझच्या वेधशाळेने २६ जुलै २००५ ला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजलेला आहे, ही बातमी मेक्सिकोपर्यंत पोचली नसावी. ऑगस्ट उजाडला तेव्हा दुष्काळाला पुरून उरणारी सगळी झाडं बुंध्यातून कुजून आडवी झाली होती. दुष्काळ सोसणारं झाड पाण्यात बुडून मेलेलं बघायचं भाग्य मुंबईकरांखेरीज फार थोड्यांना लाभतं.

उरलेल्या बागेकडेही एकदा डोळे उघडून बघावं. सदाफुली मादागास्करची, गुलमोहर मादागास्करचा, पानफुटीही तिकडचीच. बोगनवेल ब्राझीलकडची. देवाला वाहायचा पांढरा चाफा मध्य अमेरिकेतून आलेला. कुंपणावरची घाणेरी इंग्रजांनी शोभेसाठी आणली आणि जाताना विसरून गेले. भाडेकरूच्या पोलीस व्हेरिफिकेशनशिवाय आमच्याकडे चावी मिळत नाही, पण बागेत एकाही झाडाकडे इथल्या जन्माचा दाखला नाही. माझा त्यांच्यावर राग नाही. सदाफुलीने या शहरात जे दिवस काढलेत ते पाहता तिला कधीच डोमिसाइल मिळायला हवं होतं.

प्रश्न आहे तो जिला दाखल्याची गरजच नाही तिचा.

मागच्या कंपाउंडच्या भिंतीत, पावसाचं पाणी जायच्या भोकाच्या वर, सिमेंटला एक चीर आहे. त्या चिरेत रुई उगवली. कोणी लावली नाही. ती हवेतून आली. रुईचं बोंड वाळून उकललं की आतून चपट्या तपकिरी बिया निघतात आणि प्रत्येकीच्या डोक्यावर रेशमी पांढऱ्या केसांचा झुबका असतो. लहानपणी आपण ज्या 'म्हातारी'च्या मागे धावलो ती हीच, किंवा हिची सावरीकडची मावशी. ही म्हातारी लिफ्ट बंद असली तरी सातव्या मजल्याच्या सज्जावर पोचते. रेल्वेच्या रुळांकडेला, पुलाच्या खांबांना, बंद पडलेल्या कारखान्यांच्या आवारात, बिल्डरने पत्रे ठोकून कोर्टाच्या तारखांवर सोडून दिलेल्या प्लॉटमध्ये, जिथे मुंबईत माणसाला जागा मिळत नाही तिथे हिला मिळते.

आणि हिला पाणी लागत नाही. म्हणजे खरोखरच लागत नाही. पान हातात घेऊन बघा (हात नंतर धुवा, का ते पुढे येईलच): जाड, मांसल, आणि त्यावर पांढरट लव. बोटाने पुसली तर पिठासारखी निघते. ही लव ऊन परतवते आणि पानातली ओल धरून ठेवते. मूळ सरळ खाली, खोल जातं. अंगात चीक, त्यामुळे गायसुद्धा तोंड लावत नाही. एवढी तयारी करून ही बाई एप्रिल-मेच्या उन्हात, भिंत तव्यासारखी तापलेली असताना, निवांत फुलते.

२०२४ साली ५ जूनपासून महापालिकेने मुंबईत १० टक्के पाणीकपात लागू केली. तारीख लक्षात राहायचं कारण म्हणजे त्याच दिवशी आमच्याकडे पर्यावरण दिनाचा कार्यक्रम होता. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर सात तलावांचं कोष्टक (त्यातले विहार आणि तुळशी तर आमच्याच नॅशनल पार्काच्या हद्दीतले), आणि गेटपाशी हिरवे टी-शर्ट घालून वृक्षारोपण. सेक्रेटरींनी रोप लावलं, खजिनदारांनी झारीने पाणी घातलं, फोटो निघाला, मग फोटो नीट आला नाही म्हणून पुन्हा पाणी घातलं. मागच्या भिंतीवर रुईला चार तुरे आले होते. तिकडे कोणी फिरकलं नाही, म्हणजे फिरकले ते दोघे सिगारेट ओढायला.

जरा जवळ जाऊन बघितलं असतं तर त्यांना उपनगरातली एक उत्तम करमणूक फुकटात मिळाली असती. रुईचं फूल फिकट जांभळं, पाच पाकळ्यांचं, मेणाचं केल्यासारखं. मधोमध पाच कंगोऱ्यांचा एक छोटा मुकुट. कळी बोटात धरून दाबली की फट् आवाज होतो, आणि हा शोध प्रत्येक पिढीतली पोरं स्वतःच लावतात. पण खरी गंमत मुकुटात आहे. रुई आपले पराग इतर फुलांसारखे उधळत नाही. ते पिशव्यांत भरून, दोन-दोन पिशव्या एका चिमट्याला जोडून, मुकुटाच्या खाचांत लपवून ठेवते. काळा, जाडजूड भुंगा घोंगावत येतो. मध वरच्या बाजूला, त्यासाठी फुलावर पाय रोवावे लागतात. पाय घसरून खाचेत जातो. भुंगा ओढतो. पाय सुटतो, पण चिमटा पायाला अडकून येतो आणि त्याबरोबर दोन्ही पिशव्या. अंधेरीला उतरताना गर्दीच्या रेट्यात आपल्या बॅगेच्या बंदाला दुसऱ्याचा डबा अडकून यावा, तसं. भुंगा पुढच्या फुलावर जातो, तिथे पुन्हा पाय घसरतो, आणि या वेळी पिशवी नेमकी जिथे हवी तिथे बसते. पराग पोचले. हे ओझं उचलायला ताकद लागते. लहानसहान माश्यांचं हे काम नाही. म्हणून रुईने मोठा भुंगा गाठून ठेवला आहे.

हा भुंगा घरात शिरला तर आमच्याकडे इंटरकॉमवर वॉचमनला बोलावतात. वॉचमन येतो, वर बघतो, "काला है, काटेगा नहीं" असं अनुभवाचं काहीतरी बोलतो आणि खिडकी उघडतो. विंगमधले सगळे त्याच्या धैर्याचं कौतुक करतात.

मी रॉक गार्डनच्या मेलेल्या निवडुंगांच्या जागी रुई लावायची सूचना वार्षिक सर्वसाधारण सभेत मांडली, तेव्हा सभेत थोडा वेळ शांतता पसरली. आमच्या सभेत शांतता दोनदाच पसरते: चहा येतो तेव्हा आणि सिंकिंग फंडाचा विषय निघतो तेव्हा. ही तिसरी.

"रुई?" सेक्रेटरी म्हणाले. "ती गटारापाशी उगवते ती?"

"तीच."

"साहेब, ती लावतात का कुठे? ती काढतात."

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी लगेच उपमन्यूची आठवण करून दिली. धौम्य ऋषींचा हा शिष्य. गुरूंनी भिक्षा बंद केली, गाईचं दूध बंद केलं, वासरांच्या तोंडचा फेसही बंद केला, तेव्हा भुकेने कासावीस होऊन त्याने रुईची पानं खाल्ली, आंधळा झाला आणि विहिरीत पडला. "महाभारतात आहे हो," काकू म्हणाल्या, "आणि आपल्याकडे तर पाण्याच्या टाकीला झाकणसुद्धा नीट बसत नाही." मुद्दा खरा होता, दोन्ही. रुईचा चीक विषारी आहे आणि डोळ्यांत गेला तर फार त्रास देतो. महाभारतकारांना हे ठाऊक होतं. फक्त त्या गोष्टीचा शेवट काकूंनी सांगितला नाही: अश्विनीकुमारांनी उपमन्यूला दृष्टी परत दिली, आणि गुरूंनी अभ्यासक्रम पूर्ण झाल्याचं जाहीर केलं. आजच्या फी पाहता एवढ्यावर सुटला तो भाग्यवान.

मी काकूंना विचारलं, "शनिवारी मारुतीला हार कशाचा नेता?"

सभेत पुन्हा शांतता.

दर शनिवारी स्टेशनपासून देवळापर्यंत रुईच्या पानांच्या हारांच्या टोपल्या लागतात. सेक्रेटरी हार घेतात, खजिनदार हार घेतात, काकू तर दोन घेतात, एक जावयासाठी. पानं कुठून आणतेस असं एका हारवालीला विचारलं तर ती म्हणाली, "रेल्वेच्या कडेनं." म्हणजे रुई शनिवारी पूज्य, आणि रविवारी हाउसकीपिंगचा माणूस कोयता घेऊन मागच्या भिंतीकडे जातो तेव्हा ती तण. बावन्न शनिवार पैसे मोजून विकत घ्यायची आणि बावन्न रविवार पैसे देऊन तोडून घ्यायची, या व्यवहाराला आमच्या ताळेबंदात वेगळं सदर नाही, एवढंच.

एकट्या मारुतीवर थांबत नाही. ग्रहशांतीच्या नऊ समिधांत सूर्याची समिधा रुईची. तिचं नावच सूर्याचं आहे, अर्क. रथसप्तमीला पानं डोक्यावर आणि खांद्यावर ठेवून आंघोळ करण्याची चाल आहे. पांढऱ्या फुलांची रुई म्हणजे मांदार, ती गणपतीची. तिच्या मुळाचा गणपती करून देव्हाऱ्यात ठेवतात. आणि सगळ्यावर कडी म्हणजे अर्कविवाह. पूर्वी तिसरं लग्न अशुभ मानत, म्हणून तिसऱ्यांदा बोहल्यावर चढणाऱ्या पुरुषाचं लग्न आधी रुईच्या झुडपाशी लावून द्यायचे. मंत्र, मंगलाष्टकं, सगळं रीतसर. मग येणारी नवरी हिशेबात चौथी ठरे आणि अशुभ काय ते झुडपाच्या वाट्याला जाई. शास्त्रोक्त लग्न होऊनही जिला ना घर मिळालं, ना आडनाव, ना सोसायटीत सहयोगी सभासदत्व, अशी ही एकच सून. तिचा वारस कोण, हे नामनिर्देशनाच्या फॉर्ममध्ये कुणी भरलेलं मला माहीत नाही.

नर्सरीतही हाच न्याय. मी रुईचं रोप मागितलं तर नर्सरीवाला माझ्याकडे बघतच राहिला. "साधी नाही ठेवत. पांढरी आहे. वास्तूला चांगली." पांढरीची किंमत ऐकून मी जांभळीच्या बाजूने झालो. रंग बदलला की गटाराकडेची जागा सोडून थेट ईशान्य कोपरा मिळतो, हे झाडांच्या राज्यातही चालतं म्हणायचं.

सभेने शेवटी एक तोडगा काढला. रॉक गार्डनच्या जागी 'बटरफ्लाय गार्डन' करायचं. प्रस्ताव एकमताने मंजूर. फायबरची दोन मोठी फुलपाखरं आली, एक निळं, एक गुलाबी, पंख हलणारी. त्यांच्यासाठी विजेचा वेगळा पॉइंट काढला. खाली चिनी जास्वंदीच्या कुंड्या. पेस्ट कंट्रोलचं वार्षिक कंत्राट मात्र चालूच राहिलं, दर तीन महिन्यांनी, बागेसकट. फुलपाखरांची बाग आणि तीत किडे मारण्याचं कंत्राट, दोन्ही एकाच सहीने मंजूर झाल्याचं इतिवृत्त उपलब्ध आहे.

फायबरची येईपर्यंत खरी मागच्या भिंतीवर आली होती. केशरी पंख, टोकं काळी, त्यावर पांढरे ठिपके. इंग्रजीत प्लेन टायगर, मराठीत बिबळ्या कडवा. नॅशनल पार्कातला बिबट्या आमच्या भागात सीसीटीव्हीत दिसला की चॅनेलवाले गाड्या घेऊन येतात. बिबळ्या कडवा आला की पेस्ट कंट्रोलवाला येतो. याची मादी रुईच्या आणि तिच्या भाईबंदांच्या पानांवर एकेक अंडं ठेवत जाते, बहुधा पानाच्या पाठीमागे. अळी निघते ती काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, मधे पिवळे ठिपके, अंगावर काळ्या शेंड्यांच्या तीन जोड्या. शुद्ध नटवी. आणि हुशार. रुईच्या पानातला चीक चिकट असतो, तोंडच बंद करतो. म्हणून खाण्याआधी ही पानाची शीर कुरतडते. चीक तिथून गळून जातो, पुढचा भाग कोरडा पडतो, मग बाईसाहेब जेवायला बसतात. आमच्या प्लंबरला मेन कॉक कुठे आहे हे अजून सापडलेलं नाही.

या चिकातलं विष अळी थोडंफार अंगात साठवते. पुढे तिचं फुलपाखरू झालं तरी ते बेचवच राहतं, आणि पक्ष्यांना एकदा अनुभव आला की ते नाद सोडतात. म्हणून बिबळ्या कडवा घाई करत नाही. सावकाश, मिरवत उडतो. याचा हा दबदबा बघून दुसऱ्याच जातीच्या एका फुलपाखराच्या मादीने हुबेहूब याचाच पेहराव उचलला आहे. डुप्लिकेट स्टिकर लावून गाड्या आत घेणारे फक्त सी विंगमध्येच आहेत असं समजू नये.

सातवीतल्या एका पोराने या अळीचा मोबाइलवर फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली पहिला प्रतिसाद: 'हे कुठे आहे? लगेच फवारणी करा.' दुसरा: 'मुलांना मागे जाऊ देऊ नका.' तिसरा: गुड मॉर्निंगचा गुलाब. त्याच पोराने मग अळी कोषात गेल्याचा फोटो टाकला, हिरवा कोष, त्यावर सोनेरी ठिपके. तेव्हा काकूंनी विचारलं, "हे टॉप्स कुठे मिळतात?"

मला खरा वैताग आहे तो सप्टेंबरचा. दर सप्टेंबरात आमच्याकडून एक मिनीबस कासला जाते. साताऱ्याच्या वरचं कास पठार, जांभ्या दगडाचं, वर मातीचा जेमतेम थर, २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलेलं. इतकं सुंदर रॉक गार्डन कोणत्याही बिल्डरला जमणार नाही, यात वाद नाही. तिथे तेरडा, सोनकी, गेंद, निळी सीतेची आसवं, आणि नशीब असेल त्या वर्षी टोपली कारवी. पण आमची मंडळी पहाटे निघतात, घाटात गाड्यांच्या रांगेत अडकतात, ऑनलाइन काढलेलं तिकीट दाखवतात, लांबून एक बोटभर फूल बघतात आणि म्हणतात, "अगं बाई, दगडात कसं काय उगवतं हे!" तेच वाक्य घरामागे म्हणायला ना टोल लागतो ना तिकीट. जुन्या मीमांसकांनी या माणसासाठी एक दृष्टान्तच करून ठेवला आहे: मध रुईवरच मिळत असेल तर डोंगरावर कशाला जायचं? दोन हजार वर्षांत त्यांना याचं उत्तर मिळालेलं नाही, कारण त्यांच्या वेळी वीकेंड नव्हता.

डोंगरच बघायचा तर अंधेरीला उतरा. पश्चिमेला, भवन्स कॉलेजच्या परिसराला लागून, गिल्बर्ट हिल आहे. सुमारे दोनशे फूट उंच, एकसंध काळा बसाल्ट, उभ्या खांबांचा. अमेरिकेत वायोमिंगमधल्या डेव्हिल्स टॉवरशी त्याची तुलना करतात; तिकडे लोक कॅमेरे घेऊन जातात, इकडे रिक्षावाल्याला पत्ता सांगताना "त्या टॉवरच्या बाजूला" असं सांगावं लागतं. वर गावदेवीचं देऊळ, खडकात खोदलेल्या पायऱ्या, खाली चहूबाजूंनी दाटलेली वस्ती. २००७ साली पालिकेने त्याला वारसा वास्तूचा दर्जा दिला. कोट्यवधी वर्षांचा दगड, आणि त्याला वारसा ठरवायला आम्हाला २००७ उजाडावं लागलं. त्या खांबांच्या भेगांतून जे काही हिरवं डोकावतं, ते कुठल्याही उद्यान अधीक्षकाने लावलेलं नाही.

आमच्या मागच्या भिंतीवरची रुई कासच्या सहलीच्या आदल्या रविवारी छाटली गेली. स्वच्छता मोहीम होती. बुंधा तेवढा राहिला, चिरेत हात जात नव्हता म्हणून. सहलीचे फोटो ग्रुपवर संपायच्या आत त्या बुंध्यातून नवे कोंब आले होते. आमचे माळीकाका जव्हारकडचे, त्यांनी नऊ शब्दांत निकाल दिला: "लावावी लागत नाही, मारता येत नाही. मग भांडता कशाला?"

आता लावायचीच असेल तर थोडं कामाचं. जागा उंचवट्याची आणि भरपूर उन्हाची निवडा. पाणी साचलं की रुईचंही काही खरं नाही, म्हणून गोट्यांचा ढीग अखेर उपयोगी पडतो. फक्त वरचे पांढरे गोटे बाजूला सारून खाली खडी आणि थोडी माती घाला. मोठं झुडूप उपटून आणू नका, खोल मूळ तुटलं की ते मरतं. बी टाका नाहीतर फांदी खोचा. मोकळं सोडलं तर पुरुषभर उंच जातं, म्हणून वर्षातून एकदा गुडघ्याएवढं छाटा. छाटताना हातमोजे आणि चष्मा, नंतर साबणाने हात. येण्याजाण्याच्या वाटेवर आणि घसरगुंडीपाशी लावू नका. या एका बाबतीत काकूंचं बरोबर आहे. पिवळा मावा पडेल, पडू द्या, त्याला खाणारे चित्रांग भुंगेरे मागोमाग येतात. अळ्या पानं खाऊन झाड बोडकं करतील, तेही करू द्या, त्यासाठीच तर लावलं. सोबतीला कोरांटी लावा, तीही इथलीच, काटेरी, पिवळ्या फुलांची, कमी पाण्याची. पावसाळ्यात रिकाम्या जागेत तेरडा आपण होऊन येईल. गौरी आणायच्या वेळी बाजारात जावं लागणार नाही.

बिया उन्हाळ्यात मिळतात. रेल्वेच्या कडेची कुठलीही भिंत बघा, मात्र रुळांत उतरू नका, रस्त्याच्या बाजूनेही पुष्कळ असतात. बोंड हिरव्याचं तपकिरी व्हायला लागलं की उकलायच्या आत तोडून कागदी पिशवीत ठेवा, नाहीतर म्हाताऱ्या घरभर होतील. जूनच्या पहिल्या पावसाआधी चिरेत, खडीत, कुंडीत, कुठेही पेरा. पैसे लागत नाहीत, ठराव लागत नाही, सूचक-अनुमोदक लागत नाहीत. आणि सेक्रेटरींना फुलं येईपर्यंत सांगू नका.